प्रौढवर्गाचं रॉकेल कुणी भरलं?

गोदाकाठ :
प्रौढांना साक्षर करायची ग्रामशिक्षण मोहीम १९५९ला साताऱ्यात सुरू झाली, पुढं सगळ्या महाराष्ट्रात आली, १९७२ला युनेस्कोनं बक्षीस दिलं. तेही सरकारी तिजोरीतून जवळपास काही न घेता. आपल्याकडं मराठवाड्यातही गावं खळ्यावरच्या वर्गणीवर प्रौढवर्ग चालवत होती. अनुदान आलं आणि चळवळ मेली. म्हणून म्हणतो, वाचनालयासाठी, शाळेसाठी सरकारपुढं हात पसरणं बंद करा. गाव आपोआप शिकतं.

पाटीपेन्सिल :
'आपोआप' वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मोहिमेत शिकवत होतं कोण? प्राथमिक शिक्षक. त्यांचा पगार कुठून यायचा? १ मे १९६२ नंतर जिल्हा परिषदेतून, त्याआधीही सरकारी पैशातूनच. रात्रीचे दोन तास फुकट घेतले म्हणून खर्च नव्हता असं म्हणायचं असेल, तर ती लोकवर्गणी नव्हे, मास्तरवर्गणी.

दुसरं, सातारा म्हणजे मराठवाडा नव्हे. कर्मवीरांनी १९१९ला रयत सुरू केली होती. चाळीस वर्षांत तिकडं गावागावात शिकलेली पोरं तयार होती. आपल्याकडं निजामाच्या गश्ती निशान ५३ या परिपत्रकानं सभा घ्यायलाही परवानगी लागायची, १९२४पासून खानगी मदारिसचे नियम आले, म्हणजे खाजगी शाळेलाही परवानगी. त्यात वरचं शिक्षण उर्दूत. १९४८ला सुटका झाली तेव्हा गावात मराठी वाचणारा कोण? पटवारी, भटजी, वाणी आणि नशीब असेल तर एक मास्तर. ज्याला वाचता येतं त्यानं दुसऱ्याला शिकवावं हे सूत्र तिथं चालतं जिथं पहिला वाचणारा असतो.

तिसरं, खळ्यावरची वर्गणी. शाळूचं खळं फाल्गुनात. वर्गाला रॉकेल लागतं कार्तिकापासून. मधले चार महिने उधारीवर कोण देणार? आणि ज्या साली पाऊस दगा देतो त्या साली खळंच नाही. गावाला चार पैशांचा आधार हवा नेमका तेव्हाच पेटी रिकामी.

मोंढानाका :
सर, खळ्याची वर्गणी बेभरवशाची हे खरं. पण वर्षभर येणारा पैसा होता की. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला धर्मादाय. मालविक्रीच्या प्रत्येक पट्टीवर थोडं थोडं कापून वेगळं ठेवायचे, त्यातून पाणपोई, धर्मशाळा, शाळा, बोर्डिंगं चालली. आवक आहे तोवर पैसा आहे, कुणाच्या दारात जायचं काम नाही. मराठवाड्यातल्या किती संस्थांच्या पायात मोंढ्याचा पैसा आहे ते एकदा बघा.

कापूसबोंड :
हे आलेच! पट्टी कुणाची? शेतकऱ्याची. कापलं कुणाचं? शेतकऱ्याचं. फळीवर नाव कुणाचं? आडत्याचं. १९३०च्या हैदराबाद बाजार कायद्यानं आडत, हमाली, मापाई एवढंच घ्या असं सांगितलं, ते कशासाठी होतं? आणि त्या पैशातून उभं काय राहिलं? तालुक्याच्या गावी हायस्कूल, बोर्डिंग. ज्याची जवारी मोंढ्यात उतरली त्या चाळिशीच्या माणसाला अंगठा सोडून सही शिकवायला त्यातला किती पैसा खेड्यात परत गेला?

मोंढानाका :
भाऊ, आवाज खाली. कापलं ते चुकीचं असेल, पण शाळा उभ्या राहिल्या की नाही? तुमच्या म्हणण्याप्रमाणं सगळं वाणी खाऊन बसला असता तर आज त्या शाळांतून शिकलेले लोक इथं टाईप करत नसते.

पाटीपेन्सिल :
प्रौढवर्गापुरतं कापूसबोंड यांचं खरं आहे. देणगीदाराला इमारत आवडते. भिंतीवर नाव लागतं, रॉकेलवर लागत नाही.

गोदाकाठ :
रॉकेल रॉकेल काय लावलंय? एक गॅसबत्ती घेतली की गाव उजळतं. गणपतीला, तमाशाला, लग्नाला येत होती ना? तीच वर्गाला. खर्च किती तो!

चिमणीवात :
गॅसबत्तीवर बोलायचं तर हिशेबानं बोलू.

साधा कंदील तासाला साधारण २५ मिली रॉकेल पितो. दोन तासाला ५० मिली, महिन्याला २५ रात्री, म्हणजे सव्वा लिटर. कंदिलाभोवती पाटी दिसायची तर सहा-सात माणसं, त्यापलीकडं नुसत्या सावल्या. पंचवीस माणसांना चार कंदील. महिन्याला ५ लिटर, चार महिन्यांना २०. ४ गॅलनचा डबा १८ लिटरचा, म्हणजे एक डबा आणि वर थोडं.

गॅसबत्ती दोन तासाला पाव लिटर घेते, म्हणजे महिन्याला सव्वासहा, चार महिन्यांना २५. रॉकेलचा फरक पाच लिटरचा. पण बाकीचं? मँटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, एकदा जळून राख झालं की हलवायचं नाही. बत्ती वर्गापासून घरापर्यंत नेली की गळालं. पंपाचं चामडी वॉशर सुकलं की हवा धरत नाही, तेल लावून भिजवावं लागतं. निपलात काजळी बसली की पिन. तापवायला स्पिरिट. ते नसलं की लोक रॉकेलच ओततात, मग भडका होतो आणि मँटल काळं पडतं. हे सामान तालुक्याला मिळायचं, म्हणजे बाजाराच्या दिवसापर्यंत वर्ग अंधारात.

कंदिलाची काच जाते ती बहुतेक गरम काचेवर पावसाचा थेंब पडून किंवा ओल्या फडक्यानं पुसून. वात सरळ कापली, जास्त वर चढवली नाही, तर बाकी कटकट नाही.

शाळूकणीस :
पण कंदिलात फळा दिसत नाही. मोठ्या अक्षरांचे तक्ते भिंतीला लावून सगळ्यांनी एकत्र म्हणायचं ही पद्धत गॅसबत्तीशिवाय चालतच नाही. कंदिलाला प्रत्येक घोळक्यात वेगळा शिकवणारा पाहिजे. चार कंदील म्हणजे चार मास्तर. आता त्याचा खर्च मांडा की, चिमणीवात.

चिमणीवात :
मुद्दा बरोबर. एक मास्तर चार घोळक्यांत फिरला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. शाळेतली मोठी पोरं हाताशी घ्यावी लागतात. मोहिमेत घेतलीही.

कापूसबोंड :
तुम्ही दोघं बत्तीच बघा. बत्ती कुठं टांगली ते कोण बघणार? एक गॅसबत्ती म्हणजे एक वर्ग. एक वर्ग म्हणजे मारुतीच्या देवळापुढं नाहीतर पाराखाली. १९५०च्या दशकात महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस तिथं बसणार? बसला तर कुठं, उजेडाच्या कितव्या रांगेत? कंदील चार असले तर एक महारवाड्यात नेता येतो, एक तांड्यावर. तुमचं स्वस्त-महाग तिथं संपतं. औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५०ला कॉलेज काढलं ते उगाच नाही. गावाच्या वर्गणीची वाट बघत बसले असते तर?

गोदाकाठ :
सगळ्यात जात आणायचीच का?

कापूसबोंड :
आणली नाही. पाराखाली बसलेलीच होती.

शाळूकणीस :
गरम होऊ नका. बायकांच्या वर्गाचं कुणीच बोलत नाही. बाईला रात्री बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून वर्ग दुपारी, भाकरी आवरल्यावर आणि संध्याकाळच्या पाण्याआधी. उजेडाचा खर्च शून्य! मग तो सगळ्यात जास्त चालायला पाहिजे होता ना? चालला नाही, कारण शिकवणारी बाई नव्हती. दुपारी मास्तर शाळेत, आणि मोकळा असता तरी पुरुषाकडं बायका बसत नव्हत्या. म्हणजे अडचण रॉकेलाची नव्हतीच, चिमणीवात. तुमचे पाच लिटर वाया.

चिमणीवात :
बायकांपुरतं मान्य. पुरुषांना मांजराचे डोळे होते काय?

पाटीपेन्सिल :
मूळ मुद्द्यावर येतो. गोदाकाठ म्हणतात अनुदानानं मारलं. समूह विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ला आली. ब्लॉकला समाजशिक्षण संघटक दोन, एक पुरुष, एक बाई. ब्लॉकात साधारण १०० गावं. दोघांनी महिन्याचे २५ दिवस रोज एक गाव केलं तरी ५० गावं झाली. म्हणजे चार महिन्यांच्या वर्गाला दोन भेटी, एक उद्घाटनाला, एक परीक्षेला. मधे काय चाललंय ते हजेरीपट सांगणार, आणि तो मास्तरच्या हातात. अनुदान जास्त झालं म्हणून नाही बिघडलं, पातळ झालं म्हणून बिघडलं.

गोदाकाठ :
म्हणजे खोट्या हजेऱ्या होत्या हे तरी कबूल करता! तेच म्हणतोय मी. पैसा आकड्यावर मिळाला की आकडा फुगतो. गावाचा स्वतःचा पैसा असता तर गावानंच मास्तरला विचारलं असतं.

पाटीपेन्सिल :
एवढं मान्य. ज्यानं पायलीभर जवारी घातली तो डोकावून बघतो, हे खरं. पण तुमच्या लाडक्या मोहिमेतही अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पाहुणे, तोरणं, फोटो. गावाची इज्जत पणाला लागली की उरलेले पाच-सात अंगठे कसे साक्षर होतात ते वेगळं सांगायला नको. फुगण्यासाठी आकड्याला पैसाच लागतो असं नाही, मान पुरतो.

आणि समारंभाच्या दुसऱ्या दिवशी? चार महिने, दोन तास, शंभर रात्री म्हणजे दोनशे तास. एवढ्यात सही, बसची पाटी, जेमतेम ठळक अक्षर येतं. वाचायला काही मिळालं नाही तर वर्षा-दोन वर्षांत पुसलं जातं. मोहिमेवर हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. खरा खर्च इथून पुढं. पन्नास पुस्तकांची पेटी, दहा गावांना दहा पेट्या, दर महिन्याला आठवडी बाजाराच्या दिवशी अदलाबदल. दहा महिन्यांत प्रत्येक गावाला पाचशे पुस्तकं. स्वस्त आहे, पण पेटी उचलणारा एक माणूस कायम लागतो, मास्तरची बदली झाली तरी जाणारा. खळ्याची वर्गणी त्याला देत नाही, मोंढा देत नाही. शेवटी कायदा लागतो. हैदराबादनं १९५५ला ग्रंथालय कायदा केला आणि पुढच्याच वर्षी राज्य मोडलं. महाराष्ट्राचा आला १९६७ला.

मोंढानाका :
पेटीत काय होतं तेही महत्त्वाचं. माणसाला वाचायची होती सावकाराची पावती, जमिनीचं जुनं खत. ते मोडीत नाहीतर उर्दूत. शिकवली बाळबोध, म्हणजे देवनागरी. 'बबन, कमळ बघ' वाचून खत कळतं होय?

चिमणीवात :
जुन्या वर्गणीच्या वह्या काढल्या तर रुपये बघताना जपा, निजामाच्या सात हालीचे इंग्रजांचे सहा कलदार. आणि निजामी फसली सनात ५९० मिळवा, की इसवी सन येतो. नाहीतर १३५८ची वही बघून कुणीतरी बहामनींच्या काळात प्रौढवर्ग होते म्हणेल.

गोदाकाठ :
ठीक. 'आपोआप' शब्द मागं घेतो. पण गावानं निम्मं घातल्याशिवाय सरकारनं एक डबाही देऊ नये, यावर ठाम आहे.

कापूसबोंड :
निम्मं कोण घालणार ते सांगा. महारवाडा घालणार, की महारवाड्याच्या वाट्याचं पाराखालचेच मोजणार?

शाळूकणीस :
चिमणीवात, स्पिरिट किती लागायचं ते राहिलंच.

चिमणीवात :
बत्तीतली स्पिरिटची वाटी भरून, दर पेटवणीला. आणि वर्ग सुटेपर्यंत दोनदा विझली तर तीनदा.