बालकवितेतून तक्ते आणि आलेख: गणिताचा तास की भाषेचा?

चौकटीची वही (धागाकर्ती)
पाढ्यांना चाल लावण्याबद्दल हा धागा नाही. तिसरी-चौथीला माहितीचा तक्ता कसा शिकवायचा, एवढाच विषय आहे. माझं मत: ताळ्याच्या खुणा (मोजताना दर वस्तूला मारायची एकेक रेघ) शिकवायला छोट्या कवितेइतकं सोयीचं काही नाही. या चार ओळी धाग्यासाठीच जुळवल्यात:

चिमणी आली, चिमणा आला,
दोघे बसले तारेवर;
बोका आला, म्याव म्हणाला,
भुर्र उडाले वाऱ्यावर.

एकूण शब्द 14. कोणत्या शब्दात किती अक्षरं, याचा तक्ता करायचा. कविता ठसठशीत लिहून द्या, दोन शब्दांत बोटभर जागा सोडून. मूल शब्द वाचतं, त्या रकान्यात एक खूण करतं आणि लगेच शब्दावर काट मारतं. आधी सगळे दोन अक्षरी, मग तीन अक्षरी, अशा फेऱ्या मारू देऊ नका. त्यात शब्द निसटतात. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एकच फेरी. उत्तर येतं: दोन अक्षरी 7, तीन अक्षरी 5, चार अक्षरी 2. बेरीज 14 नसेल तर मूल स्वतःच मागे जाऊन चूक शोधतं.

उभी रेघ आडवी रेघ
बेरजेवर एवढी भिस्त ठेवू नका. ‘भुर्र’ची फोड भु-र-र अशी केली की तक्ता 6, 6, 2 होतो. बेरीज 14च! बऱ्याच वर्गांत टाळ्या वाजवून अक्षरं मोजतात, तिथे तर सगळंच ढासळतं. बोलताना ‘चिमणी’ला दोनच टाळ्या पडतात, चिम-णी. ‘तारेवर’ला तीन, ‘म्याव’ला एक. टाळ्यांचा तक्ता येतो: एका टाळीचा 1, दोनचे 9, तीनचे 4, आणि त्याचीही बेरीज 14. बेरजेवरून शब्द सुटला की दोनदा धरला, तेवढं कळतं. चुकीच्या रकान्यात गेलेला कळत नाही. मग अर्धा तास जोडाक्षरावर जातो. तो भाषेचा तास झाला, गणिताचा नव्हे.

खडू-डस्टर
पण नेमकं काय मोजायचं हे ठरवणं हेच तर माहितीच्या कामाचं पहिलं पाऊल! फळ्यावर आधी नियम लिहा: लिहिलेलं अक्षर मोजायचं, जोडाक्षर एक धरायचं. मग एका चौकटीत एक अक्षर, असा शब्द चौकटीच्या वहीत उतरवायचा. वाद मिटला.

खरी गंमत प्राणी मोजताना येते. वरच्या कवितेत प्राणी किती? तीन. ‘दोघे’ हे निराळे दोन पक्षी समजून पाच लिहिणारी मुलं असतातच. ‘आला’ दोनदा येतो म्हणून तेवढेच आले, असंही कुणी म्हणेल. ‘आली’ राहूनच जाते. शब्द मोजतोय की वस्तू, हा फरक इथे चार ओळींत हाती लागतो. ध्रुवपदाची कविता घेतलीत तर ते एकदा धरायचं की दरवेळी, हेही आधी ठरवा, नाहीतर शेजारी बसलेल्या दोघांचे तक्ते जुळायचे नाहीत.

मुळा-मुठा
तक्त्यापर्यंत ठीक. आलेखाचं काय? तीन प्राण्यांचा चित्रालेख काढून मुलाला कळलं काय? 7, 5, 2 चे स्तंभ उभे केले तरी ‘मग पुढे?’ याला उत्तर नाही. आलेख कुठल्यातरी प्रश्नासाठी काढतात.

पुण्यात पावसाळ्यात चार धरणांचा साठा रोज पेपरात येतो, तो घ्या. पूर्ण क्षमता टीएमसीमध्ये: खडकवासला 1.97, पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. जवळच्या पूर्णांकात 2, 11, 13, 4. 1 सेंमी = 2 टीएमसी धरलं की स्तंभांची उंची 1, 5.5, 6.5 आणि 2 सेंमी. शहराजवळचं खडकवासला चौघांत सर्वांत लहान, हे पोरांना आलेखात दिसतं. दर सोमवारचा साठा आत रंगवत जायचा.

उभी रेघ आडवी रेघ
अनुमोदन. शिवाय कवितेत संख्या इतक्या लहान की प्रमाणाची गरजच पडत नाही. ‘एक चित्र म्हणजे दोन’ शिकवायला आकडे मोठे लागतात. 11 टीएमसीला साडेपाच थेंब काढताना अर्ध्या चित्राचा अर्थ आपोआप कळतो.

चौकटीची वही
मुळा-मुठा, तिसरीच्या मुलाला टीएमसी म्हणजे काय सांगणार? अब्ज घनफूट? अब्ज त्याच्या गावीही नाही. दशांश अपूर्णांक पाचवीत येतात, स्तंभालेख सहावीत. तुमच्या पूर्णांकांची बेरीज 30 होते, खरी 29.15. हा फरक का पडला, ते तिसरीत कोण समजावणार? तुमचं उदाहरण उत्तम आहे, पण तीन वर्षांनी.

आणि कवितेतला माल सगळ्यांसमोर सारखा असतो. ‘शाळेत कशाने येता’ असं वर्गात विचारलं की सकाळी रिक्षाने येऊन दुपारी चालत जाणारा दोन रकान्यांत हात वर करतो. तिथे बाईंकडेही पक्कं उत्तर नसतं.

मुळा-मुठा
पक्कं उत्तर नसणं हीच खरी माहिती, ताई! ‘आज सकाळी कशाने आलात’ असा प्रश्न नीट केला की हात एकदाच वर होतो. प्रश्न घडवायलाही तिसरीतच शिकवा की.

खडू-डस्टर
भांडणात एक राहिलं. चित्रालेखात बोका मोठा आणि चिमण्या चिमुकल्या काढल्या की एका बोक्याची ओळ दोन चिमण्यांपेक्षा लांब दिसते. म्हणून एका चौकटीत एकच चित्र, बोका असो की चिमणी. खुणांमध्ये पाच उभ्या रेघा ओढून वर तिरपी मारतात आणि सहाला पाच म्हणतात, तेही पाहा: उभ्या चारच, पाचवी तिरपी. आणि स्तंभाच्या बाजूचे आकडे चौकटीच्या पोटात नकोत, रेघेवर लिहा, शून्य तळाच्या रेघेला. पोटात लिहिले की कुणी चौकटीच्या तळापर्यंत रंगवतो, कुणी माथ्यापर्यंत, आणि 7 चा स्तंभ कधी 6 चा होतो ते कळतही नाही. हे धरणांनाही लागू आहे.