मदत हवी आहे : माळ घालू की आधी खरं बोलायला शिकू?

नमस्कार मंडळी. वय ३४, राहायला वडाळ्याला, नोकरी लोअर परळला. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. 'समजलं' म्हणून मान डोलावतो, समजलेलं काहीच नसतं. मग रात्री चोरून यूट्यूबवर शिकतो. घरी मात्र 'ऑफिसात माझ्यावाचून पान हलत नाही' अशी फुशारकी! (बायकोला बहुतेक कळलंय, बिचारी बोलत नाही.)

वर्षभर दर मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा राहिलो. बाहेर पडताना छान वाटायचं, दादर स्टेशन येईपर्यंत उतरायचं. गेल्या एकादशीला आमच्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात बसलो होतो. देवाकडे आत्मविश्वास मागता मागता लक्षात आलं, मी त्याच्यापुढेही नाटकच करतोय. दुसऱ्या दिवशी साहेबांना सरळ सांगितलं, "सर, हे मला जमत नाही, एकदा समजावून सांगाल?" पाय लटपटत होते, पण आवाज फुटला. तुकोबांनी खऱ्याखोट्याला स्वतःच्या मनाची ग्वाही मानली, ते वाचून माहीत होतं. कळलं आत्ता.

आता तुळशीची माळ घालावीशी वाटते. पण वारकऱ्याने खोटं बोलायचं नसतं, आणि माझी सवय एका दिवसात थोडीच सुटणार? आमच्याकडे कोणी माळकरी नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला? तुम्ही माळ घातलीत तेव्हा मनाची तयारी कशी केलीत? नेम मोडला तर काय करता? आणि बायकोसमोर विषय कसा काढू, तेही सांगा.