अ‍ॅश मेडोज: झरे सर्वांना खुले असावेत का?

रानवाटा:
लास व्हेगसहून मोटारीने सुमारे दीड तासावर, नेवाडाच्या वाळवंटात अ‍ॅश मेडोज हे संरक्षित वन्यजीव आश्रयस्थान आहे. जगात अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या निदान 25 प्राणी-वनस्पतींचे ते घर आहे. तेथील क्रिस्टल स्प्रिंग या झऱ्याच्या फळ्यांच्या पायवाटेवर मी गुडघे टेकून खाली पाहिले, तर बोटाच्या दीड पेराएवढा निळाशार नर पपफिश मासा दुसऱ्या नराला आपल्या हद्दीतून हुसकावून लावत होता. आणि त्याच क्षणी शेजारची मुले त्या पाण्यात खडे टाकत होती. जवळच्या डेव्हिल्स होल या कुंडाचे कुंपण ओलांडून 2016 मध्ये तिघे आत शिरले, एक जण पाण्यात उतरला आणि नंतर तेथील अतिदुर्मीळ माशांपैकी एक मेलेला आढळला. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, पूर्वनोंदणी आणि वाटाड्या यांशिवाय कोणालाही झऱ्यांपाशी जाऊ देऊ नये.

पाणवठा:
आपली कळकळ पोहोचली, पण निष्कर्ष मुळीच पटला नाही. या पाणथळ जागेला खरा धोका पर्यटकांच्या पायांपासून नव्हे, तर पंपांपासून होता. जवळच्या शेतजमिनीसाठी भूजल उपसले जाऊ लागले, तेव्हा डेव्हिल्स होलची पातळी उतरून, ज्या उथळ खडकावर मासे अंडी घालतात तोच उघडा पडू लागला. शेवटी 1976 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या उपशाला मर्यादा घातली. पुढे आश्रयस्थानाच्या याच जागी हजारो घरांची वसाहत उभी राहणार होती. नेचर कॉन्झर्वन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने ती जमीन विकत घेतली, म्हणून 1984 मध्ये हे आश्रयस्थान होऊ शकले. झरे डोळ्यांनी पाहिलेली माणसे नसती, तर त्यांची बाजू कोणी मांडली असती? शिवाय येथे माणूस उपरा नाही. येथल्याच पॉइंट ऑफ रॉक्सच्या खडकांत धान्य कुटण्यासाठी कोरलेल्या जुन्या उखळी आजही दिसतात.

रानवाटा:
उपशाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, परंतु पाणी राखले म्हणजे मासे राखले गेले, असे होत नाही. मत्स्यपेटीतले मॉलीसारखे मासे आणि बाहेरून आणलेले क्रेफिश (झिंग्यांसारखे जलचर) या झऱ्यांत माणसांनीच सोडले. अ‍ॅश मेडोज किलीफिश हा मासा तर कायमचा नाहीसा झाला. तो आता कोणत्याही न्यायालयाला परत आणता येणार नाही. मूळचे मासे संपवायला एका बादलीतले चार मासे पुरेसे असतात, हेच मला भिववते.

पाणवठा:
बादली घेऊन येणारा नोंदणी करून येत नाही, आणि आपल्या नियमाने अडेल ती शेजारच्या गावातली, सुट्टीच्या दिवशी सहज येणारी आजी. खडे टाकणाऱ्या मुलांना आपण काही सांगितलेत का?

रानवाटा:
सांगितले. त्यांच्या आईने त्यांना जवळ घेऊन मासा दाखवला, आणि नंतर ती मुले बराच वेळ फळ्यांवर पालथी पडून पाहत राहिली. वाटाड्याचा आग्रह मी मागे घेते. पण सुट्टीच्या दिवशी प्रत्येक झऱ्यावर एक तरी स्वयंसेवक असावा, ही मागणी मात्र सोडणार नाही.

पाणवठा:
त्या मागणीवर माझीही सही घ्या.