मदत हवी आहे: फक्त इंटरनेटसाठी जुना लॅपटॉप, कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू?

मंडळी, आईबाबांसाठी एक जुना लॅपटॉप तयार करायचाय, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, आणि त्यांचं काम म्हणजे मेल, बातम्या, यूट्यूब, व्हिडिओ कॉल आणि बँकेची वेबसाइट, बाकी काहीच नाही. सध्या त्यावर विंडोज १० आहे, त्याचा फ्री सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं जे यात नाहीये, म्हणजे तो रस्ता बंद. बँकेचं काम असल्यामुळे सिक्युरिटी अपडेट नसलेली सिस्टीम त्यांच्या हातात द्यायची माझी अजिबात तयारी नाही.

दोन पर्याय डोक्यात आहेत. क्रोमओएस फ्लेक्स (जुन्या कॉम्प्युटरसाठी गुगलची फुकट ओएस), किंवा लिनक्स मिंट या फुकट ओएसचं एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन. फ्लेक्सचं मला आवडतं ते म्हणजे अपडेट आपोआप होतात आणि बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं, पण त्यात प्ले स्टोअर नाही आणि सगळं गुगल अकाउंटभोवती फिरतं, शिवाय गुगलने तपासलेल्या मॉडेलांच्या यादीत नसलेल्या लॅपटॉपवर वायफाय, कॅमेरा नीट चालेलच याची गॅरंटी नाही. मिंटमध्ये फायरफॉक्स असतोच आणि दिसायलाही विंडोजसारखंच, त्यामुळे आईला पटकन जमेल असं वाटतं, फक्त अपडेट मॅनेजर ऑटोमॅटिकवर ठेवला तर कधी काही अडतं का हो?

ज्यांनी घरातल्या मोठ्यांना यातलं काही वापरायला दिलंय त्यांनी प्लीज सांगा, रोजच्या वापरात कुठल्या ओएसमुळे तुम्हाला मदतीसाठी फोन कमी आले? आणि रॅम वाढवण्याआधी साध्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाकली तर जास्त फरक पडेल ना?