पुढच्या डाव्या चाकाची खडखड: शॉकअप बदलू की थांबू?

मानेवाडेकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची, सात सीटची डिझेल एसयूव्ही, ९२ हजार किमी झाले. दोन महिन्यांपासून पुढच्या डाव्या बाजूने आवाज येऊन राहिला. आमच्या गल्लीत सिमेंट रोड संपून गट्टू सुरू होतात तिथे चार बोटं उतार आहे. २०च्या स्पीडनेही डावं चाक तिथून उतरलं की खड्-खड्. पण चौकातल्या मोठ्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं सोबत चढली तर गाडी मुकी. वर्धा रोडला ८०ने चालवली तरी काही नाही.

आई मधल्या सीटवर बसते. परवा उमरेडला जाताना म्हणाली, "पायाखाली कोणी वरवंटा आपटून राहिलं का रे?"

सर्व्हिस सेंटरने कागद हातात दिला: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), वरून स्टिअरिंग रॅक. ५३ हजार. नेमकं खराब काय विचारलं, तर "सर, किमी झाले ना." त्याआधी गल्लीतल्या मिस्त्रीने लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलले होते, त्यातला डावा चार महिन्यांत फाटला. त्यानेच आता डावीकडे जॅक लावून लिंक रॉड हलवून पाहिला, म्हणे टाईट आहे. शॉकअपवर तेलाचा ओघळ नाही, टायर सारखे घासलेत. सुरुवात कुठून करू?

टॉमी-पाना
भाऊ, "दोन्ही चाकं सोबत चढली तर मुकी" या एका वाक्यात तुमचे पन्नास हजार वाचले.

डाव्या-उजव्या बाजूला जोडणारी जाड सळई असते ना, अँटी-रोल बार, ती दोन्ही चाकं सोबत वर गेली की आपल्या जागी नुसती फिरते. एकच चाक खाली गेलं की पिळली जाते आणि सगळा जोर सळईला चाकाकडे जोडणाऱ्या लिंक रॉडच्या टोकाच्या गोटीवर येतो. गोटी झिजली असली की तीच वाजते. शॉकअप खराब झाले असते तर मोठ्या ब्रेकरनंतर गाडी दोनतीनदा डोलली असती.

तुमचा मिस्त्री चुकला तो जॅक लावताना. एकच बाजू उचलली की सळई पिळलेली राहते, लिंक रॉड ताणात असतो, मग हाताने हलेल काहून? चारही चाकं जमिनीवर ठेवा. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे हात जातो. लिंक रॉडच्या सांध्यावर बोटं टेकवा आणि कोणाला तरी गाडी बाजूने डोलवायला सांगा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बोटाला टिचकी लागते, कानाला कळायच्या आधी. उन्हाळ्यात सकाळी ६लाच करा बाप्पा, दुपारी लोखंडाला हात लावून दाखवा.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोटीचा सांधा, मात्र रॅम्पवर नक्की तपासून घ्या. तो निखळला तर चाक आडवं होते, तिथे काटकसर नाही.

हिंगणा_रोड
९२ हजार म्हणजे शॉकअप बदलूनच टाका. मी तर स्प्रिंगमध्ये रबरी बफरही टाकले, गाडी मस्त उंच झाली.

टॉमी-पाना
बफर टाकले की स्प्रिंग कडक होते. मागे आई बसते म्हणतात ते, वाचलं नाही का?

गॅरेजवाला_कामठी_रोड
बुश चार महिन्यांत फाटला, त्यावर कोणी बोललं नाही. माल डुप्लिकेट असू शकतो, पण मला बसवण्यात गडबड वाटते. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असते. ते घसरत नाही, पिळते. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला आणि मग गाडी खाली टेकवली, की रबर कायमचं मुरडलेलं राहते. वरून आपल्याकडची गरमी. नवीन बुश टाकाल तेव्हा बोल्ट आधी ढिला ठेवा, गाडी अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवायच्या) रॅम्पवर चढवा. तिथे चाकं टेकलेली असतात. दोनदा दाबून गाडी बसू द्या, मगच शेवटचं टाईट. अलाइनमेंटही तिथेच होऊन जाते.

मानेवाडेकर
उशिरा लिहितो आहे, माफी. रविवारी भाच्याला गाडी डोलवायला लावली. टिचकी लागली! अगदी बोटं मोडावी तशी. उजवीकडे काही नाही.

काढलेला लिंक रॉड आडवा धरला तर गोटीची दांडी आपल्या वजनाने लुळी पडते. नवीन रॉडची दांडी दोन्ही हातांनी जोर लावून हलवावी लागली. जोडी बदलली, डावा बुश पुन्हा टाकला, बॉल जॉइंट ठीक निघाले. अलाइनमेंट धरून ४,७०० लागले. रॅम्पवर उभं राहून मीच सांगितलं, चाकं टेकल्यावर आवळा. मिस्त्री आधी हसला, मग म्हणाला, "कंपनीच्या पुस्तकात वाचलं का?"

गट्टूंवरून चार वेळा मुद्दाम नेली, आवाज बंद. सिमेंट रोडच्या जोडांची टक-टक आहे, ती रोडची. काल उमरेडहून येताना आई म्हणाली, आता मागून काही तरी किणकिणते. उतरून पाहिलं तर जॅकचं हँडल. मीच बांधायचं विसरलो होतो.