मदत हवी आहे: ख्रिस्ती दृष्टीने ‘हिरो’ कोणाला म्हणायचं?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसोबत या विषयावर चर्चा घ्यायची आहे आणि मी एका ठिकाणी अडकलोय.

बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायातली विश्वासवीरांची यादी घेणार होतो. पण त्यात शमशोनही आहे! ताकद अफाट, पण स्वतःच्या वासनांपुढे पार हतबल. गिदोन तर आधी भेदरलेला, देवाकडे खुणेवर खूण मागणारा. शिवाय देवाने त्याचं सैन्य 300 वर आणलं, म्हणजे विजयाचं श्रेय माणसांना घेताच येऊ नये. राहाब वेश्या होती. मग यांना मोठं कशाने केलं? पराक्रम नाही, चारित्र्यही धड नाही. विश्वास म्हणावं, तर मुलं विचारणारच, ‘नुसता विश्वास ठेवला की झालं का?’

अलीकडच्या काळातले पोलिश धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे सांगायला सोपे आहेत. 1941 मध्ये नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत एका अनोळखी कैद्याऐवजी ते स्वतः मरायला पुढे झाले. जर्मन पाळक बोनहोफर मात्र अवघड. हिटलरविरुद्धच्या कटाशी त्यांचा संबंध होता, 1945 मध्ये त्यांना फाशी झाली. माझ्या मते तेही हिरोच, पण येशूच्या ‘शत्रूंवर प्रीती करा’ याच्याशी मेळ कसा घालायचा?

आणखी एक. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी क्षुल्लक किमतीची नाणी) टाकणाऱ्या विधवेसारखी, जिचं नावही लिहिलेलं नाही, अशी माणसं या चर्चेत कशी आणावीत? किशोरवयीन मुलांसोबत कोणी हा विषय घेतला असेल तर कृपया सांगा. शास्त्रवचनं सुचवलीत तरी चालेल.