खेड्यातल्या लॅन्डलाइनच्या भाड्यावरची मर्यादा काढावी का?

सत्तरीकर: मोबाइलचे आणि शहरातल्या लॅन्डलाइनचे दर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कधीच कंपन्यांवर सोडलेत, खेड्यातल्या लॅन्डलाइनच्या भाड्यावर मात्र 1999 च्या टॅरिफ ऑर्डरपासून मर्यादा आहे. ती पण काढा म्हणणारे बरेच दिसतात. माझा साफ विरोध. पावसात गोव्यात आमच्या वाळपईच्या पुढे लाइट गेली आणि बॅटरी उतरली की टॉवर बंद, पण तांब्याच्या तारेवरचा जुना फोन चालू असतो कारण त्याला करंट एक्स्चेंजमधून येतो, घरच्या लाइटीशी संबंधच नाही. मुलगा बोटीवर, म्हातारी घरात एकटी, तिच्यासाठी ही चैन नाही हो.

पणजीवाला: कळतं, पण हिशोब पण बघा ना. खर्चाच्या खाली भाडं ठेवलं की तोटा कोणीतरी भरायलाच लागतो. 2003 पासून बाकीच्या कंपन्यांकडून अॅक्सेस डेफिसिट चार्ज, म्हणजे या तोट्याची भरपाई, घेऊन बीएसएनएलला द्यायचे, 2008 मध्ये तो बंद झाला, मर्यादा तशीच राहिली. मग लाइनमन कुठून येणार? भाडं स्वस्त आणि अख्खा पावसाळा फोन डेड, काय उपयोग?

सत्तरीकर: भाडं वाढवलं की लाइनमन येईल याची गॅरंटी कोण देतो? शहरात दर मोकळे झाले तर खाजगीवाल्यांनी बिल्डिंगा धरल्या, आमच्या वाड्यावर कोण आलं? चार कंपन्या आहेत तिथे खुशाल सोडा दर, इथे एकच आहे, नाही परवडलं तर माणूस जाणार कुठे.

फोंड्याची माई: दोघांनाही एक विचारते. दिराकडे तांब्याची लाइन काढून फायबर दिलं, आता लाइट गेली की मोडेम बंद आणि फोन पण बंद, इन्व्हर्टर घेतला तेव्हा कुठे चालायला लागला, आणि तो खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. तेव्हा नुसत्या भाड्यावर काय भांडताय, बॅटरी कोण देणार ते आधी ठरवा.

पणजीवाला: माई, हे बरोबर. म्हणूनच म्हणतो, दर मोकळे करा आणि ज्याला गरज त्याच्या बिलात डिजिटल भारत निधीतून, म्हणजे खेड्यातल्या फोनसाठीच्या सरकारी फंडातून (2024 पर्यंत त्याला यूएसओ फंड म्हणायचे), थेट पैसे घाला, बॅटरी पण त्यातूनच. कंपन्या त्यात उत्पन्नाच्या 5 टक्के लेव्ही भरतात ती खेड्यासाठीच ना?

सत्तरीकर: मग आधी ते पैसे म्हातारीच्या बिलात येऊ देत, मर्यादा त्याच्यानंतर काढा. उलट केलंत तर मधल्या काळात म्हातारी लाइन कापून टाकेल आणि एकदा काढलेली तार परत कोणी ओढणार नाही.